आधुनिक वास्तूंवरची पुस्तकं वाचताना या चुका टाळा

वास्तुसमीक्षेचं पुस्तक हातात आलं की बहुतेकजण आधी फोटो चाळतात, मग फोटोखालच्या ओळी वाचतात, आणि वेळ उरलाच तर मजकुराकडे वळतात. प्लॅन (वरून दिसणारा नकाशा) आणि सेक्शन (इमारत उभी कापल्यासारखं दाखवणारं चित्र) यांची पानं तशीच उलटली जातात. मग 'छान आहे, पण डोक्यावरून गेलं' असं सांगून पुस्तक परत येतं. पुस्तकाचा खरा ऐवज त्या न पाहिलेल्या पानांवरच असतो. ठाणे-नवी मुंबईच्या वाचकाने तर ती पानं मुळीच सोडू नयेत, कारण अशा पुस्तकांत हमखास भेटणारी एक वसाहत, आर्टिस्ट व्हिलेज, आपल्याकडे बेलापूरलाच आहे.

फोटोवरून मत बनवणं

वास्तूचे फोटो सहसा माणसं राहायला येण्याआधी, कोरड्या हवेत आणि वाइड अँगल लेन्सने काढलेले असतात. या लेन्सने दहा फुटांची खोलीसुद्धा हॉलएवढी दिसते. म्हणून पहिल्या वाचनात फोटोंवर कोरा कागद ठेवावा, आधी प्लॅन बघावा, मग सेक्शन, मग मजकूर आणि सगळ्यात शेवटी फोटो. कंटाळवाणं वाटतं, पण दुसरा सोपा रस्ता मला तरी माहीत नाही.

प्लॅन वाचतानाची नेहमीची चूक मापाची असते. खाली '1:200' छापलेलं असतं आणि वाचक पट्टी लावून गुणाकार करतो. पण छापताना चित्र लहान-मोठं केलं असेल तर तो आकडा निरुपयोगी होतो. भरवसा चित्रातल्या मोजपट्टीवर ठेवायचा, म्हणजे 0, 5, 10 मीटर अशा खुणा असलेल्या रेघेवर. ती चित्राबरोबरच लहान-मोठी होते. समजा, 10 मीटरची रेघ पानावर 32 मिलिमीटर भरली, तर 26 मिलिमीटरचं अंगण प्रत्यक्षात साधारण 8 मीटरचं. मोजपट्टी नसेल तर जिना शोधावा. एका पायरीची रुंदी 25 ते 30 सेंटिमीटर धरली, तर दहा पायऱ्यांवरून अडीच-तीन मीटरचा अंदाज मिळतो. पानाचा मोबाइलने तिरका फोटो काढून त्यावर मापं घेऊ नयेत, कारण तिरक्या फोटोत पानाचं एक टोक आखडतं. उत्तर दिशेचा बाण पाहिल्याशिवाय तर पुढे जाऊच नये.

8 मीटर हा आकडा उगाच घेतलेला नाही. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी बेलापूरच्या सेक्टर 8 मध्ये 1983 ते 1986 या काळात आर्टिस्ट व्हिलेज उभारलं. त्यात सात घरांच्या मधोमध साधारण 8 मीटर बाय 8 मीटरचं अंगण आहे. असे तीन गट म्हणजे 21 घरं मिळून साधारण 12 मीटर बाय 12 मीटरची मोकळी जागा. घरांचे भूखंड 45 ते 75 चौरस मीटर. कागदावर 8 मीटर म्हणजे काहीच कळत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारीशेजारी तीन गाड्यांची जागा पाहावी, ती साधारण साडेसात मीटर रुंद असते. सात कुटुंबांचं अंगण त्याहून थोडंच मोठं आहे, हे कळलं की समीक्षक त्या अंगणावर पानंच्या पानं का लिहितो ते उमगतं.

मग वाचक पुस्तक घेऊन बेलापूरला जातो आणि हिरमुसतो. उतरत्या छपरांची बैठी घरं शोधायला गेलेल्याला टाइल्स लावलेली, ग्रिल घातलेली, पाडून नव्याने बांधलेली घरं दिसतात. 'योजना फसली' हा निकाल तो तिथेच देऊन टाकतो. ही घाई मला सगळ्यात जास्त खुपते. मूळ मांडणीत दोन घरांना सामाईक भिंत ठेवली नव्हती, ती मुद्दाम. प्रत्येकाला शेजाऱ्याची भिंत न हलवता आपलं घर वाढवता यावं, हाच त्या योजनेचा गाभा होता. त्यामुळे तिथे घरं तपासायची नसतात. अंगण टिकलंय का, त्यात कोणी ओटा वा जिना पुढे काढलाय का, दोन घरांमधली फट उरली आहे का, हे तपासायचं. प्लॅनची झेरॉक्स आणि लाल पेन न्यावं आणि बदल तिथेच नोंदवावेत. एका अंगणाला तास-दीड तास द्यावा. दहा अंगणांतून भरभर फिरलात तर लक्षात एकही राहणार नाही.

समीक्षकाचं विधान म्हणजे घटना नव्हे

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातलं आहे. वास्तुकार मिनोरू यामासाकी यांनी आखलेली प्रुइट-आयगो ही 33 इमारतींची, प्रत्येकी 11 मजल्यांची वसाहत 1950 च्या दशकाच्या मध्यात पूर्ण झाली आणि 1972 पासून पाडायला घेतली. समीक्षक चार्ल्स जेन्क्स यांनी 1977 च्या पुस्तकात लिहिलं, की आधुनिक वास्तुकला सेंट लुइसमध्ये 15 जुलै 1972 रोजी दुपारी 3.32 वाजता, किंवा त्या सुमारास, मेली. वाक्य इतकं चटकदार की 'त्या सुमारास' वगळून ते जगभर फिरलं. प्रत्यक्षात पहिली इमारत त्याच वर्षी मार्चमध्ये स्फोटाने पाडली होती आणि पाडकाम 1976 पर्यंत चाललं. या वसाहतीच्या आराखड्याला वास्तुकलेचा पुरस्कार मिळाल्याचंही जेन्क्स यांनी लिहिलं होतं. तसा पुरस्कार मिळालाच नव्हता. अभ्यासक कॅथरीन ब्रिस्टल यांनी 1991 मध्ये ही सगळी दंतकथा उलगडून दाखवली.

वसाहत का कोसळली? देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा होता. शहराची लोकसंख्या घटत गेली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं, दुरुस्ती थांबली. आराखड्याचे दोष होतेच. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे, तेव्हा बरेच रहिवासी एकाकी जिन्यांवर अवलंबून राहिले. पण कमी उंचीच्या इमारती मिसळण्याचा यामासाकी यांचा मूळ प्रस्ताव खर्चासाठी बाजूला ठेवला गेला, हे त्या एका वाक्यात कुठेच नाही. आपल्याकडच्या जुन्या, गळक्या वसाहतींकडे बोट दाखवून 'आराखडाच चुकला' म्हणणारे हेच वाक्य वेगळ्या शब्दांत बोलत असतात. आराखडा, बांधकामाचा दर्जा आणि देखभाल हे तीन हिशेब वेगळे मांडावेत.

माझी सवय समासात पेन्सिलीने अक्षर लिहिण्याची आहे: माहितीला 'मा', मताला 'म', ऐकीव गोष्टीला 'ऐ'. एका प्रकरणात 'म' दहा आणि 'मा' दोनच निघाले, की ते प्रकरण दुसऱ्या पुस्तकाशी ताडून बघायचं.

लंडनचं ऊन ठाण्यात आणणं

लंडनमध्ये 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंशांवर असतो. ठाण्यात तो सुमारे 47 अंशांवर असतो, आणि 17 मे ते 26 जुलैच्या दरम्यान तर माध्यान्हीला डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला. त्यामुळे तिकडच्या पुस्तकातलं दक्षिणेच्या मोठ्या काचेचं कौतुक इथे तसंच लागू होत नाही. आपला शत्रू पश्चिम. 60 सेंटिमीटरचा छज्जा दक्षिणेच्या खिडकीवर डिसेंबरच्या भर दुपारी दोन फूट सावली देतो. पश्चिमेच्या खिडकीवर मार्चमध्ये पावणेपाचच्या सुमारास तोच छज्जा फूटभरच झाकतो. मुंबईतली 1983 ची कांचनजंगा इमारत अभ्यासताना हे डोक्यात हवं. 28 मजले, 32 घरं. समुद्र आणि वारा पश्चिमेला, ऊन आणि पाऊसही पश्चिमेचेच. म्हणून कोपऱ्यांतल्या त्या खोल, दोन मजली उंच गच्च्या. सेक्शन न पाहता त्यांना नुसती शोभा समजणारे पुस्तकातला मुख्य मुद्दाच गमावतात.

बाकी थोडक्यात. पुस्तकातलं 'मॉडर्न' म्हणजे आजकालचं नव्हे, ती विसाव्या शतकातली चळवळ आहे. ब्रूटॅलिझमचा क्रौर्याशी संबंध नाही, उघड्या काँक्रीटच्या फ्रेंच नावाशी आहे. आवृत्तीचं पान आधी बघा: केनेथ फ्रॅम्प्टन यांचा आधुनिक वास्तुकलेचा इतिहास 1980 चा, पण युरोप-अमेरिकेबाहेरच्या देशांना ऐसपैस जागा मिळाली ती 2020 च्या पाचव्या आवृत्तीत. वास्तुकाराने स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेलं समीक्षा म्हणून वाचू नका. 1965 मध्ये 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकातून कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी नव्या मुंबईची कल्पना मांडली, ती बाजू मांडणाऱ्यांची होती, आणि पुढे कोरिया सिडकोचे मुख्य वास्तुकारही झाले. दहा मिनिटांच्या व्हिडिओतला सारांश पुस्तकाआधी नको, कारण मग तुम्ही पुस्तकात फक्त तेवढंच शोधता.

बेलापूरची एक फेरी जुलैतही करा. छपराच्या पागोळ्या कुठे पडतात, अंगणातलं पाणी कुठल्या बाजूने वाहतं, कुठे तुंबतं, हे कोरड्या उन्हातल्या फोटोंतून कधीच कळत नाही. मात्र ते अंगण सात घरांचं आहे. मोजायची टेप उघडण्याआधी एखादं दार वाजवून विचारा, आणि घरांच्या आतले फोटो काढू नका.