जिल्ह्याला आमदार किती? जागावाटपाचं गणित घरच्या घरी करा

परभणी जिल्ह्यात चार आमदार, शेजारच्या जालन्यात पाच. लोकसंख्येत म्हणावा तसा फरक नाही, मग असं का? पुढाऱ्यांच्या वजनाच्या गोष्टी पारावर खूप ऐकायला मिळतात. त्या ऐकाव्यात, पण आधी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडावा.

सुरुवातीलाच एक फरक डोक्यात पक्का करून घ्या. वाटण्या दोन आहेत. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी कोणत्या राज्याला किती, ही पहिली. राज्याच्या आत विधानसभेच्या जागा कोणत्या जिल्ह्याला किती, ही दुसरी. दोन्हींना वेगवेगळी जनगणना लागते आणि वादात लोक गोंधळतात ते नेमके इथंच.

पहिली वाटणी: राज्याराज्यांत

राज्यघटनेचं कलम ८१ सांगतं की लोकसंख्या आणि जागा यांचं प्रमाण सगळ्या राज्यांत शक्य तितकं सारखं असावं. ६० लाखांच्या आतल्या छोट्या राज्यांना यातून सूट आहे. पडताळा घ्यायचा तर राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येला त्याच्या जागांनी भागा. महाराष्ट्र: ५.०४ कोटी भागिले ४८, म्हणजे खासदारामागे साडेदहा लाख. तमिळनाडू: ४.१२ कोटी भागिले ३९, जवळपास तेवढेच. केरळ: २.१३ कोटी भागिले २०, १०.७ लाख. हिशेब चोख.

आता हाच भागाकार २०११ च्या आकड्यांनी करा. महाराष्ट्र २३.४ लाख, तमिळनाडू १८.५, केरळ १६.७, राजस्थान २७.४. चोख हिशेब पार विस्कटला. कारण १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीनं राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. ज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांच्या जागा त्यापायी घटू नयेत, हा हेतू. पुढं ८४व्या दुरुस्तीनं ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. थोडक्यात, घरात माणसं वाढली तरी वाटणी जुन्याच सातबाऱ्यावर.

त्याच ५४३ जागा २०११ प्रमाणे वाटल्या असत्या तर काय झालं असतं, तेही काढता येतं. देशाची लोकसंख्या १२१.०९ कोटी, भागिले ५४३, म्हणजे एका जागेला सुमारे २२.३ लाख. या आकड्यानं राज्याची लोकसंख्या भागायची. उत्तर प्रदेश ८० वरून ९० च्या घरात जातो, तमिळनाडू ३९ वरून ३२ वर येतो, केरळ २० वरून १५ वर. महाराष्ट्राचं उत्तर ५०.४. लोकसंख्येप्रमाणे नव्यानं वाटणी झाली तर उत्तरेच्या जागा वाढतील आणि दक्षिणेच्या घटतील, यावरून उत्तर-दक्षिण भांडण एवढं पेटलेलं असताना आपला नफातोटा जेमतेम दोन जागांचा, हे मराठी वाहिन्यांवरच्या चर्चेत सहसा कोणी सांगत नाही.

दुसरी वाटणी: जिल्ह्याजिल्ह्यांत

विधानसभेच्या एकूण जागा २८८ च राहिल्या, पण आतल्या सीमा २००१ च्या जनगणनेवर नव्यानं आखल्या गेल्या. २००९ ची निवडणूक त्याच नव्या मतदारसंघांत झाली.

राज्याची २००१ ची लोकसंख्या ९,६८,७८,६२७. भागिले २८८, म्हणजे आमदारामागे ३,३६,३८४. हा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि आपल्या जिल्ह्याची त्याच सालची लोकसंख्या त्यानं भागा. मराठवाड्याची उत्तरं अशी: नांदेड ८.५५, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) ८.६१, बीड ६.४२, लातूर ६.१८, जालना ४.८०, परभणी ४.५४, उस्मानाबाद म्हणजे धाराशिव ४.४२, हिंगोली २.९३.

अर्ध्याच्या वर असेल तर पुढचा पूर्णांक, खाली असेल तर मागचा, असं शाळेतल्यासारखं धरलं तर आठ जिल्ह्यांची बेरीज ४७ होते. प्रत्यक्षात मराठवाड्यात आमदार ४६. सात जिल्ह्यांचं उत्तर तंतोतंत जुळतं, अडतं फक्त परभणीपाशी: ४.५४ असूनही चार. अर्ध्याच्या वर असलेल्यांत सगळ्यांत कमी अपूर्णांक तिचाच. नांदेडचा तिच्याहून शंभरावा भाग जास्त, आणि त्याला नऊ मिळाले. हेच गणित २०११ च्या आकड्यांनी केलं तर परभणी ४.७ वर जाते आणि मराठवाड्याच्या वाट्याला ४८ येतात. परभणीकरांनी हा कागद जपून ठेवायला हरकत नाही.

लोकसभेचा मतदारसंघ जुळवताना

२८८ भागिले ४८, म्हणजे महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ. आपल्या मराठवाड्यात लोकसभेच्या जागा आठ आणि जिल्हेही आठ, त्यामुळं एका जिल्ह्याला एक खासदार असं वाटतं. पण मोजून बघा. हिंगोली जिल्ह्यात विधानसभेचे तीनच मतदारसंघ, मग नांदेड जिल्ह्यातले किनवट आणि हदगाव घेतले, तरी एक कमी. तो पैनगंगेपलीकडून आला: यवतमाळ जिल्ह्यातला, म्हणजे विदर्भातला उमरखेड. परभणीनं जालन्यातले परतूर आणि घनसावंगी घेऊन सहा पुरे केले. धाराशिवला चारच होते, तिथं सोलापूरचं बार्शी आणि लातूरचं औसा आलं. लातूरकडं स्वतःचे सहा होते. औसा गेल्यावर पडलेली जागा भरायला नांदेड जिल्ह्यातलं लोहा जोडलं, म्हणून लोह्याचा मतदार जिल्ह्याच्या कामाला नांदेडला जातो आणि खासदार मात्र लातूरचा निवडतो.