झोपेत दात खाता? या चुका टाळा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कर्नाळ रस्त्यावरच्या आमच्या घरात शिरलं, तेव्हा आम्ही सगळे विश्रामबागेत नणंदेकडे राहायला गेलो. हॉलमध्ये ओळीनं अंथरुणं घातलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात देत नणंद म्हणाली, "वहिनी, रात्रभर करकर आवाज येत होता. पुरामुळं उंदीर घरात शिरले असं वाटलं मला. उठून लाईट लावली, तर तुम्ही झोपेत दात खात होता."

मला पटलं नाही. मला काही आठवत नव्हतं, आणि ह्यांची झोप इतकी गाढ की घरात कधी कुणी सांगितलंही नव्हतं. पुढची दोन वर्षं मी चुकीचे उपाय करण्यात घालवली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं आणि त्याच दिवसांत भडंग खाताना खालच्या दाढेचा कोपरा तुटून हातात आला. त्या दाढेवर आता कॅप आहे. दाताचं वरचं कठीण आवरण एकदा झिजलं की पुन्हा येत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

सकाळच्या डोकेदुखीला पित्त म्हणू नका

आपल्याकडं डोकं दुखलं की पहिला शब्द पित्त. मीही तेच म्हणत होते. उठल्या उठल्या दोन्ही कानशिलं ठणकायची, दहा-अकरापर्यंत आपोआप कमी व्हायची. मी रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेत राहिले. मग चष्म्याचा नंबर तपासला. गालाचा स्नायू दाबून बघावा, हे एकदाही सुचलं नाही.

तुम्ही आजच बघा. कानाच्या पुढं, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर बोटं ठेवा आणि दात आवळा. जो स्नायू टणक होऊन वर येतो, तो रात्रभर राबत असतो. सकाळी तो हुळहुळा लागत असेल, तोंड उघडताना जबडा आखडलेला वाटत असेल, गार पाण्यानं दात झिणझिणत असतील, गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी वळी दिसत असेल, जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटत असतील, तर दंतवैद्याला दाखवा. समोरच्या दातांची टोकं सपाट होणं आणि बसवलेलं सिमेंट पुन्हापुन्हा निघणं हीसुद्धा खूण आहे. आवाज येतोच असं नाही. काहीजण दातावर दात घासत नाहीत, नुसते घट्ट आवळून धरतात. अशा माणसाच्या शेजारी झोपणाऱ्यालाही पत्ता लागत नाही, आणि दाढेला तडा गेल्यावरच कळतं.

मात्र पित्ताचा संबंध अजिबात नाही असंही नाही. रात्री छातीत जळजळ होणाऱ्यांत, आंबट पाणी वर येणाऱ्यांत झोपेत दात खाणं जास्त दिसतं, आणि आम्लानं मऊ झालेला दात घासल्यावर लवकर झिजतो. तसा त्रास असेल तर तो डॉक्टरांना वेगळा सांगा, झोपायच्या निदान दोन-तीन तास आधी जेवा. फक्त गोळी घेऊन दाताचा विषय बंद करू नका.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखला, सोबत घाम, छातीत दडपण, धाप असं काही असलं, तर ते दाताचं दुखणं समजून लवंग चावत बसू नका. ते हृदयाचं असू शकतं. थेट दवाखाना गाठा.

पोटात जंत झालेत, हे एकमेव उत्तर नाही

पोरगं झोपेत दात खायला लागलं की घरातलं मोठं माणूस जंताचं औषध द्यायला सांगतं. जंत आणि दात खाणं यांचा ठोस संबंध सिद्ध झालेला नाही. जंताचं औषध मुलांना वेळच्या वेळी द्यावंच. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत गोळी मिळते, ती चुकवू नका. पण त्यानं आवाज थांबला नाही म्हणून पुन्हापुन्हा डोस देत राहणं ही चूक आहे.

लहान मुलांत हे मोठ्यांपेक्षा बरंच जास्त आढळतं आणि बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप सुटतं. बघायचं ते वेगळंच: पोर तोंड उघडं टाकून झोपतं का, घोरतं का, श्वास अडकल्यासारखा होतो का. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढली असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं लागतं. पोराला हलवून जागं करू नका, रागावू तर मुळीच नका. दात खाणारं पोर घरात दारिद्र्य आणतं असं त्याच्यासमोर बोलणारे लोक मी पाहिले आहेत. मला त्याचा फार राग येतो. झोपेत जे घडतं त्याचा दोष लेकराच्या माथी कसा मारता?

चाव जुळवायला यंत्रानं दात घासून घेऊ नका

ही माझी सगळ्यात महागाची चूक. चाव म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण. एका दवाखान्यात मला सांगितलं गेलं की तुमचा चाव उंच आहे, एक-दोन दात यंत्रानं घासून कमी करून देतो, दात खाणं बंद होईल. मी होकार दिला. चांगल्या दाताचा वरचा भाग घासला गेला. दात खाणं होतं तसंच राहिलं, वर त्या दाताला गार पाणी सोसेना झालं.

पूर्वी दात नीट जुळत नाहीत म्हणून माणूस दात खातो असं मानलं जायचं. आता समजूत बदलली आहे. झोप हलकी होते तेव्हा मेंदू क्षणभर जागं होण्याच्या काठावर येतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यापाठोपाठ जबड्याचे स्नायू आकसतात. सुरुवात मेंदूपासून होते, दातापर्यंत ती शेवटी पोचते. म्हणून दात घासून मूळ कारण हलत नाही. कालपरवा भरलेलं सिमेंट किंवा नवी कॅप उंच लागत असेल, तर ती जरूर कमी करून घ्या, तो वेगळा मुद्दा आहे. पण धडधाकट दात घासायचा, सगळ्या दातांना कॅपा बसवायच्या, तारा लावायच्या आणि हे सगळं फक्त दात खाणं थांबवण्यासाठी, असं कुणी सुचवलं तर दुसरा सल्ला घेतल्याशिवाय खुर्चीवर बसू नका. सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटलांच्या नावाचं, कराडला कृष्णा विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी एकाच छताखाली वेगवेगळ्या विभागांचे डॉक्टर तपासतात. मिरज तर औषधोपचाराचं गावच आहे. दुसरं मत घ्यायला आपल्या भागात लांब जावं लागत नाही.

नाईट गार्ड: कुठला, कसा, आणि काय करायचं नाही

दाढ तुटल्यावर मिरजेतल्या एका दंतवैद्य बाईंनी माझ्या दातांचं माप घेऊन कडक ॲक्रिलिकचा नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कवच, करून दिला. त्याआधी मी ऑनलाईन मागवलेला, गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड वापरला होता. रात्रीतून तो कधी उशीखाली सापडायचा, कधी पायाशी. काहीजणांत असल्या मऊ गार्डमुळं उलट चावायची उबळ वाढते. माझ्या गालाचे स्नायू त्या महिन्यात जास्त दुखले. फक्त पुढच्या दातांवर बसणारा छोटा गार्डही स्वतःहून आणून महिनोन्महिने वापरू नका, मागच्या दाढा जागा सोडून सरकू शकतात आणि चाव बिघडतो.

गार्ड घातला तरी दात खाणं थांबेलच असं नाही. तो दातांच्या मध्ये येऊन स्वतः झिजतो, दात वाचवतो. महिन्याभरात गार्डवर ओरखडे दिसले म्हणून तो वाया गेला असं समजू नका. ते ओरखडे तुमच्या दाढेवर पडले असते.

आता धुण्याबद्दल. आपल्याकडं स्वच्छ म्हणजे उकळलेलं. मी पहिल्याच आठवड्यात गार्ड कढत पाण्यात टाकला. त्याचा आकार बदलला, एका बाजूला दाढ कचकन दाबली जायला लागली, नवा करावा लागला. गार्ड साध्या पाण्यात, मऊ ब्रशनं, साध्या साबणाच्या एक-दोन थेंबांनी धुवा. खरखरीत पेस्ट लावू नका, तिनं बारीक चरे पडून घाण साठते. हवा खेळेल अशा डबीत ठेवा. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर, गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला तर खरकट्याबरोबर जातो.

सुरुवातीला थोडी लाळ सुटते, चारसहा रात्रीत सवय होते. पण सकाळी दात एकमेकांवर वेगळे बसू लागले, एखादा दात हलतोय वाटलं, दुखणं वाढलं, तर सवय होईल म्हणून रेटू नका. गार्ड घेऊन परत जा.

घोरणाऱ्यानं आधी झोप तपासावी

मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास थांबून गुदमरून जागं होणं, पूर्ण झोपूनही दिवसभर पेंग येणं, ही झोपेत श्वास अडण्याची लक्षणं आहेत. दात खाणं त्याच्याबरोबर चालू शकतं. अशा काही रुग्णांत वरच्या दातांवरच्या साध्या गार्डनं श्वासाचा त्रास वाढल्याचंही दिसलं आहे. म्हणून गार्डचं माप देण्याआधीच दंतवैद्याला घोरण्याबद्दल सांगा. तो प्रश्न विचारलाच जाईल असं धरून चालू नका.

मिश्री, चहा आणि रात्रीची दारू

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, झोपायच्या आधी मिश्री लावायच्या. दात साफ राहतात, हिरड्या घट्ट होतात, असं त्यांचं म्हणणं. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन मेंदूला जागं ठेवतं, आणि खरखरीत भुकटीनं दात झिजतात ते वेगळंच. तोंडाच्या कॅन्सरची भीती आहेच. आत्यांना एकदम सोडा म्हटल्यावर त्यांनी ऐकलं नाही. आधी रात्रीची बंद केली, मग दुपारची, आता सकाळची उरली आहे. ती सुटेपर्यंत मी मागं लागणार आहे. तंबाखू, सिगारेट, गुटखा यांचंही तेच. सुपारी चघळणाऱ्याचा जबडा तर दिवसाही सुट्टी घेत नाही.

चहा सोडायला मी सांगणार नाही. दुपारी चारनंतरचा मात्र बंद करा. कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या माझ्या भावानं पहाटेचा चहा सोडला तेव्हा त्याची दिवसाची झोप सुधारली. दारूनं झोप लागते पण ती तुटक लागते, आणि दात खाणं तुटक झोपेतच जास्त होतं.

औषध स्वतःहून बंद करू नका

नैराश्य आणि चिंतेवरच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन, काहीजणांत दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं. हे वाचून उद्यापासून गोळी बंद करू नका. अचानक बंद केल्यानं जास्त नुकसान होतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात.

दिवसाकडं दुर्लक्ष करू नका

सगळे रात्रीबद्दल विचारतात. मला सगळ्यात जास्त फरक दिवसा पडला. दंतवैद्य बाईंनी विचारलं, "आत्ता, या क्षणी तुमचे दात कुठं आहेत?" माझे दात एकमेकांवर घट्ट टेकलेले होते. मला वाटायचं तसेच असायला हवेत. खरं तर जेवण आणि गिळणं सोडलं तर दिवसभर वरखालचे दात एकमेकांना लागायलाच नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागं टाळूला हलकं टेकलेलं, ही जबड्याची विश्रांतीची ठेवण.

मी तांदळाच्या डब्यावर, मोबाईलच्या मागं आणि देवघराच्या दाराला छोटे लाल ठिपके चिकटवले. ठिपका दिसला की दात सोडायचे, खांदे खाली घ्यायचे. पहिल्या दिवशी तर प्रत्येक वेळी दात आवळलेलेच सापडले. भाजी चिरताना, हिशोब लिहिताना, गॅस सिलिंडर उचलताना. दोन-तीन महिन्यांत सकाळचा जबडा हलका व्हायला लागला. संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं गालावर धरते. जबडा दुखत असेल त्या आठवड्यात ऊस सोलून खाणं, कडक चकल्या, च्युइंग गम बंद. भाकरी आमटीत कुस्करून खाते. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील किंवा जबडा अडकत असेल, तर घरी व्यायाम करत बसू नका, दाखवा. गालात बोटॉक्सचं इंजेक्शन घेण्याबद्दलही हल्ली विचारतात. त्यानं स्नायूचा जोर तीन-चार महिने कमी होतो, मग परत येतो. मी घेतलं नाही.

कॅलेंडरवर मी डोकेदुखीच्या सकाळी फुली मारते. दोन पावसाळ्यांच्या फुल्या एकत्र पाहिल्या तेव्हा चित्र स्पष्ट दिसलं. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याचे मेसेज यायला लागले की फुल्या दाट होतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे आकडे आमच्या घरात लहान पोरालाही पाठ आहेत. पाण्याची भीती मी घालवू शकत नाही. त्या दिवसांत रात्री दहानंतर पातळी बघायची नाही, ते काम ह्यांच्याकडं, एवढं ठरवलं आहे. जूनमध्ये कागदपत्रांची पिशवी भरून माळ्यावर ठेवतो, तिच्या बाहेरच्या कप्प्यात आता गार्डची मोकळी डबी आणि एक मऊ ब्रश असतो.