चिलटाचा मेंदू म्हणजे माणसाचा लहान मेंदू नव्हे: ट्रान्सपोर्टर लिहिताना या चुका टाळा

कोल्हापुरात प्राणिशास्त्राच्या वह्या तपासताना एक आकृती दर वर्षी भेटते. सिनॅप्सखाली, म्हणजे दोन मज्जापेशींच्या सांध्याखाली, 'माणूस' लिहून खोडलेलं, वर 'कीटक' केलेलं, आकृती तीच. ट्रान्सपोर्टर म्हणजे या सांध्यात सोडलेलं निरोप्या रसायन उचलून परत पेशीत नेणारं प्रथिन.

सगळ्यात मोठी चूक फवारणीची. आमची बरीच मुलं उसाच्या घरातली. कीटकनाशकाचा प्रश्न आला की हमखास लिहितात, 'औषध ट्रान्सपोर्टर बंद करतं.' तसं नाही. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक अ‍ॅसिटिलकोलिन हे निरोप्या रसायन तोडणारं एन्झाइम अडवतं, इमिडाक्लोप्रिड हे दुसरं कीटकनाशक त्याच्या रिसेप्टरला, म्हणजे तो निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. मुळात सिनॅप्समधलं अ‍ॅसिटिलकोलिन अख्खं उचलून परत नेलंच जात नाही. ते आधी फुटतं, मग त्यातलं कोलिन ट्रान्सपोर्टर आत ओढतो. ते एन्झाइम किड्यातही आहे आणि आपल्यातही, म्हणून क्लोरपायरीफॉस फवारणाऱ्यालाही बाधतं. हे मुलांना नीट कळायलाच हवं. पाठीवर पंप घेऊन सरीत उतरणारा त्यांचाच बाप असतो.

दुसरी चूक: किड्याच्या उत्तरात नॉरअ‍ॅड्रेनालिन या निरोप्या रसायनाचा ट्रान्सपोर्टर. किड्यांत ते काम ऑक्टोपामिन करतं. त्याचा ट्रान्सपोर्टर कोबीवरच्या एका पतंगात सापडला, पण ड्रोसोफिलात, म्हणजे केळ्यावरच्या चिलटात, तो नाही. तेव्हा नुसतं 'कीटक' लिहून भागत नाही, कुठला कीटक ते लिहा.

तिसरी चूक एटीपीची, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या रेणूची. डोपामिन या निरोप्या रसायनाचा ट्रान्सपोर्टर स्वतः एटीपी जाळत नाही. बाहेर सोडियम जास्त, आत कमी. सोडियम आत घुसताना डोपामिनला सोबत घेतो, क्लोराइडही लागतं. एटीपी खर्च होतं ते सोडियम परत बाहेर काढणाऱ्या पंपात. हे माणसात आणि किड्यात सारखंच.

आता हुशार मुलांची चूक: रचना सारखी, म्हणजे औषधही सारखंच लागू पडणार. २०१३ मध्ये चिलटाच्या डोपामिन ट्रान्सपोर्टरची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा त्याच्या खाचेत नॉरट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध बसलेलं होतं. माणसाच्या डोपामिन ट्रान्सपोर्टरवर तेच औषध फिकं पडतं, नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या ट्रान्सपोर्टरला मात्र घट्ट धरतं. म्हणजे नाव एकाचं, औषधाशी वागणं दुसऱ्यासारखं. मला या विषयातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

काम मात्र ओळखीचं. केळ्याचा तुकडा घातलेल्या बाटलीत रात्री चिलटं काचेला चिकटून गप्प बसतात. हाच ट्रान्सपोर्टर बिघडलेली 'फुमिन' चिलटं (जपानीत फुमिन म्हणजे निद्रानाश) फार थोडं झोपतात, सतत फिरत राहतात. डोपामिन उचललं जात नाही, आणि जाग उतरत नाही.