व्हील बेअरिंग घरी बदलायचंय? आधी प्रेसवाला गाठा

घरी बदलायचं म्हणजे खरं तर नकल (knuckle, ज्यात चाकाचं बेअरिंग बसतं तो लोखंडी भाग) घरी उतरवायचा आणि घरीच परत चढवायचा, मधलं काम प्रेसवरच, म्हणजे बेअरिंग जोरानं दाबून काढायच्या-बसवायच्या मशीनवर. स्विफ्ट, वॅगनआर, आय१० वगैरेंच्या पुढच्या चाकाला बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेलं असतं, ते हातोड्यानं ठोकून बसवणारे आहेत पण तो नाद करू नका. म्हणून तयारीच्या यादीत पहिला नंबर पान्यांचा नाही, लेथ-प्रेसवाल्याचा. त्याची वेळ, सुट्टी आधीच विचारा, नाहीतर रविवारी गाडी खोलून बसाल आणि त्याचं शटर बंद. भोसरी-चिंचवडकडं गुरुवारी बऱ्याच वर्कशॉपना सुट्टी असते तेही बघा.

मग कुठल्या बाजूचं गेलंय ते नक्की करा. स्पीडबरोबर वाढणारा घूंऽऽ आवाज डावीकडं वळताना अजून वाढला तर बहुतेक उजवं, कारण तेव्हा वजन उजवीकडं जातं. पण टायर वेडेवाकडे झिजले तरी सेम आवाज येतो, म्हणून आधी टायर पुढचे मागं करून बघा, फुकट काम आहे. नंतर चाक उचलून एक हात स्प्रिंगवर ठेवून फिरवा, खरखर हाताला लागते. वर-खाली धरून हलवलं आणि प्ले (ढिलेपणा) आला तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा बॉल जॉइंट, फक्त आडवं धरल्यावर आला तर स्टिअरिंगचा टाय रॉड एंड बघा.

पार्ट घेताना चासी नंबर सांगा आणि बिल घ्या, बेअरिंगमध्ये डुप्लिकेट माल भरपूर आहे. सोबत नवी सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी रिंग) आणि नवा अॅक्सल नट (चाकाच्या मधोमध असतो तो मोठा नट), जुना नट ठोकून लॉक केलेला असतो तो परत वापरायचा नाही. बऱ्याच एबीएसवाल्या (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच मॅग्नेटिक रिंग असते, ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडं यायला हवी. उलटी बसली की एबीएसचा लाइट पेटतो आणि सगळं परत खोला, वर बेअरिंगही नवीन, कारण काढताना ते खराब होतंच. दुकानातच ती बाजू मार्करनं खूण करून घ्या आणि बेअरिंग मॅग्नेटवाल्या ट्रेमध्ये ठेवू नका.

हत्यारांत अॅक्सल नटच्या मापाचा सॉकेट, लांब पाइप, सर्क्लिप प्लायर, टॉर्क रेंच (नट मोजून आवळायचा पाना), आणि कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) टांगायला बाइंडिंग वायर, ब्रेकच्या होजवर लटकवायचा नाही. नट-बोल्टवर आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-४० मारा, कोकणातली गाडी असेल तर दोन दिवस आधीपासून मारत राहा. जॅक स्टँड पाहिजेच, नुसत्या जॅकवर गाडी आणि खाली तुम्ही असं चालणार नाही. मागच्या चाकांना दगड लावा. अॅक्सल नट चाक जमिनीवर असतानाच, कोणालातरी ब्रेक दाबायला बसवून ढिला करायचा, एकट्यानं जमत नाही, आणि नट ढिला केल्यावर गाडी इंचभरही ढकलायची नाही.

प्रेसवाल्याला काय सांगायचं ते पाठ करून जा: बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रेसवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर), हब (ज्यावर चाक बोल्टनं बसतं तो भाग) बसवताना आतल्या रेसला खालून आधार. घाईत उलटं केलं तर नवीन बेअरिंग तिथंच संपलं. जुन्याची आतली रेस बहुतेक हबवरच अडकून येते, तीही त्याच्याकडूनच काढून घ्या, आणि हबची बसायची जागा झिजलेली दिसली तर हबही बदला.

स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉकअपचा खांब) नकलला धरणारे दोन बोल्ट खोलण्याआधी पेंटनं खूण करा. तरी चाकांची अलाइनमेंट करावीच लागेल, त्याची वेळ दुसऱ्या दिवशीची घेऊन ठेवा.