कुणाचं न छापलेलं काम साइट करायचंय, म्हणजे संदर्भ म्हणून द्यायचंय? आधी मेल टाका

पीएचडीला नव्याने लागलेली मुलं मला हमखास विचारतात, की कॉन्फरन्समध्ये एकाने स्लाइडवर रिझल्ट दाखवला, पेपर अजून आलेला नाही पण माझ्या चॅप्टरला तो हवाच आहे, मग नाव देऊन वापरला तर चालेल ना? नाव तर द्यायचंच हो, पण त्याआधी विचारायचं.

छापून आलेला पेपर साइट करायला कुणाची परवानगी लागत नाही. अर्काइव्ह (arXiv) या साइटवरचा प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीच लेखकाने सगळ्यांसाठी टाकलेला पेपर, किंवा विद्यापीठाच्या रिपॉझिटरीतला थीसिसही उघड्यावरच असतो, तिथे फक्त व्हर्जन नंबर नीट लिहा, आणि दरम्यान पेपर छापून आलाय का ते बघा. खरा प्रश्न येतो मेलने आलेल्या ड्राफ्टचा, स्लाइडचा, चहा पिता पिता कळलेल्या आकड्याचा. ते आकडे अजून बदलू शकतात, आणि ज्याने राबून काढले त्याच्या आधी तुम्ही छापलेत तर त्याच्या हातात काय उरलं? रिव्ह्यूसाठी तुमच्याकडे आलेलं हस्तलिखित तर अजिबात वापरायचं नाही.

1953 च्या डीएनएच्या रचनेवरच्या पेपरात वॉटसन आणि क्रिक यांनी शेवटी विल्किन्स आणि फ्रँकलिन यांच्या अप्रकाशित कामाची साधारण कल्पना होती एवढंच लिहिलं. फ्रँकलिन यांच्या मोजमापांचा नेमका किती उपयोग झाला ते त्या ओळीवरून कळत नाही, आणि त्यावरची चर्चा आजही संपलेली नाही. म्हणून उल्लेख मोघम नको.

मेलमध्ये "तुमचं काम वापरू का" एवढंच विचारू नका, छापणार ते वाक्यच पाठवा. म्हणजे असं: "सर, तुमच्या टॉकमधला हा रिझल्ट मी तिसऱ्या चॅप्टरमध्ये पुढच्या शब्दांत लिहितोय, हे बरोबर आहे का आणि उल्लेख कसा करू?" पुष्कळदा समोरचा वाक्य दुरुस्त करूनच पाठवतो, तुम्ही "वाढतं" लिहिलेलं असतं आणि तो सांगतो "वाढताना दिसतं, पण सॅम्पल लहान आहे" असं लिही, आणि मला विचाराल तर परवानगीपेक्षाही ही दुरुस्ती जास्त मोलाची असते. सहलेखक असतील तर त्यांनाही विचारलंय ना, तेही बघा.

उत्तर नाही आलं तर एक रिमाइंडर, मग सोडून द्या, गप्प राहणं म्हणजे होकार नाही. नकार आला तर शब्द फिरवून, नाव गाळून तेच लिहिणं हे त्याहून वाईट.

एपीए स्टाइलमध्ये (संदर्भ लिहायची एक प्रचलित पद्धत) खासगी मेल किंवा बोलणं फक्त मजकुरात येतं, नाव आणि तारखेसकट, संदर्भसूचीत नाही, कारण वाचकाला ते शोधून सापडणार नाही. मेडिकल जर्नल्स अशा उल्लेखासाठी लेखी परवानगी मागतात. "इन प्रेस" (छपाईच्या वाटेवर) हे पेपर स्वीकारला गेल्यावरच लिहायचं, नुसता पाठवलाय म्हणून नाही. होकाराचा मेल जपून ठेवा, एडिटर मागू शकतो, आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची शेवटची प्रत, हातात आलं की त्यांचा पेपर छापून आलाय का ते पुन्हा बघून साइटेशन बदला.