रिपीटर की नवा राउटर? लातूरच्या वाड्यातला माझा अनुभव

आमच्या लातूरच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाड दगडाच्या असल्याने बैठकीतल्या राउटरचे वाय-फाय माजघर ओलांडताच क्षीण होई आणि मागच्या खोलीत लेकीचा ऑनलाइन तास अडखळत असे. आधी रिपीटर (राउटरचे सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र) आणला; मोबाइलवर सगळ्या रेघा भरल्या, पण वेग निम्म्यावर आला, कारण ऐकणे आणि पुढे पाठवणे ही दोन्ही कामे तो एकाच रेडिओवर आळीपाळीने करत होता. हा खर्च टाळता आला असता, असे आजही वाटते. मग ड्युअल-बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, राउटर घेतला. तरी ५ गिगाहर्ट्झच्या लहरी दगडात अधिकच अडतात, म्हणून माळवदाच्या तुळईकडेने केबल ओढली आणि जुन्या राउटरचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) बदलून, डीएचसीपी (इतर उपकरणांना असे पत्ते आपोआप वाटणारी सोय) बंद करून, केबल त्याच्या लॅन पोर्टात (घरातली उपकरणे जोडायच्या खाचेत) लावून तोच मागे अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेले इंटरनेट वाय-फायने पसरवणारे यंत्र) म्हणून बसवला.