इंग्रजीच्या बोलींचे नमुने शोधताना या चुका टाळा

उचलली क्लिप, लावली वर्गात! पेठांमधल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासपासून हिंजवडीच्या ट्रेनिंग रूमपर्यंत हाच प्रकार. यूट्यूबवर ‘ब्रिटिश ॲक्सेंट’ टाकलं की वर येतो तो बहुधा नकलाकार, पाच मिनिटांत वीस देश फिरवून आणणारा. नकलेत चार खुणा ठळक केलेल्या असतात आणि मुलं नेमक्या त्याच पाठ करतात. नकला सरळ बाद.

खरी महागात पडणारी चूक वेगळीच आहे: रेकॉर्डिंग कुणाचं आणि कधीचं, हे न बघणं. लीड्स विद्यापीठातून हॅरॉल्ड ऑर्टन यांनी चालवलेलं ‘सर्व्हे ऑफ इंग्लिश डायलेक्ट्स’ हे १९५० ते १९६१ मधलं काम. ३१३ ठिकाणं, आणि बोलणारे मुख्यतः साठी ओलांडलेले, शेतीवर जगलेले, गाव न सोडलेले पुरुष. जुनी ग्रामीण बोली टिपायची म्हणून मुद्दाम तशीच माणसं निवडली होती. यातली यॉर्कशरची क्लिप ‘तिकडे असं बोलतात’ म्हणून मास्टर्सला लीड्सला निघालेल्या मुलांना ऐकवली जाते. मुलं ‘दाऊ’ आणि ‘दी’ची (thou, thee: ‘तू’, ‘तुला’साठीचे जुने शब्द) धास्ती घेऊन विमानात बसतात. तिथे विद्यापीठात कुणी तसं बोलत नाही, आणि ‘बस’मधला स्वर ‘पुट’सारखा येतो तेव्हा मात्र ती अडतात, कारण ते कुणी ऐकवलेलंच नसतं. सत्तर वर्षांपूर्वीच्या मावळातल्या आजोबांचं बोलणं ऐकवून एखाद्याला कोथरूडात भाड्याचं घर शोधायला पाठवावं, तशातली ही गत.

म्हणून क्लिप लावण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा: माणूस कुठे वाढला, वय किती, रेकॉर्डिंगचं साल, आणि तो वाचतोय की गप्पा मारतोय. एक जरी रकाना रिकामा राहिला तरी क्लिप बाजूला ठेवा, कितीही गोड वाटली तरी.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक माणसाचा मजकूर वेगळा. स्कॉटिश बाई हवामानावर बोलतेय, ऑस्ट्रेलियन क्रिकेटवर. मुलं विषय ऐकतात, उच्चार नाही. यासाठी जॉर्ज मेसन विद्यापीठाचं ‘स्पीच ॲक्सेंट आर्काइव्ह’ वापरा. तिथे सगळे एकच ६९ शब्दांचा परिच्छेद वाचतात आणि बोलणाऱ्याचं जन्मगाव, वय, इंग्रजी कितव्या वर्षी सुरू केलं, हेही दिलेलं असतं. मराठी मातृभाषेचे नमुनेही आहेत; सुरुवात तिथूनच करा. मग ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकेक शब्द कापून चार जणांचा सलग जोडा, मध्ये अर्धा सेकंद शांतता. ‘स्टोअर’मध्ये शेवटचा र येतो का? ‘आस्क’चा स्वर लांब की आखूड? ‘थिंग्ज’मध्ये हवा घासत जाते की आपल्या ‘थ’सारखी अडून सुटते? ‘फाइव्ह’ (five) मधला v आणि ‘वी’ (we) मधला w या दोन आवाजांना मराठीत एकच व आहे, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. अख्खा परिच्छेद लावून ‘कसं वाटलं?’ विचारणं हा टाइमपास आहे. घाईवाल्यांना हे कापाकापीचं काम किचकट वाटतं. मग त्यांनी हा विषय शिकवायला घेऊ नये.

वाचताना माणूस सावध असतो, शब्द सुटे सुटे येतात. म्हणून जोडीला पॉल मायर यांचं ‘आयडिया’ हे बोलींचं आर्काइव्ह घ्या. तिथल्या बहुतेक नमुन्यांत वाचनानंतर मोकळं बोलणंही असतं. त्यातली तीस-चाळीस सेकंद पुरतात.

एकाच आवाजावर देश उभा करू नका. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. किमान तीन आवाज घ्या.

शिवाजी विद्यापीठाच्या ‘कोल्हापूर कॉर्पस’मध्ये आवाज शोधत बसू नका. तो १९७८ मध्ये छापून आलेल्या भारतीय इंग्रजीचा, दहा लाख शब्दांचा, निव्वळ लिखित संग्रह आहे.

फोन स्पीकरला धरून केलेली व्हॉइस नोट नकोच. ‘स’ आणि ‘फ’मधला फरक वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो, तो तिथे मरतो आणि उरलेला वर्गातला पंखा खातो. मूळ फाइल, वायरचा स्पीकर.

आणि नुसती लिंक जपून ठेवू नका. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात बोलींची रेकॉर्डिंग्ज जपणाऱ्या ब्रिटिश लायब्ररीच्या ऑनलाइन सेवा बंद पडल्या, तेव्हा लिंकवाले हात चोळत बसले. परवाना वाचा, परवानगी असेल तर फाइल उतरवा, आणि नावातच सगळं घाला: ‘ग्लासगो-स्त्री-३४-२०१२-वाचन’. ‘ऑडिओ-फायनल-२’ हे नाव नव्हे.